गळूं, धांवरें आणि काळपुळी

गांवांत कोणाच्या मांडीवर किंवा काखेंत गळूं उठलें कीं सल्ला देणारांस तोटा नसतो. एक म्हणतो, कांद्याचें पोटीस बांधा. दुसरा म्हणतो, बिब्बा लावा. तिसरा दुकानांतून दोन रंगांची कॅप्सूल आणून देतो आणि सांगतो, दोन दिवसांत बसेल. शेवटीं कोणी तरी गांवच्या शिक्षकास अथवा उपदेशकास बोलावून आणतो, कारण तो लिहितां वाचतां येणारा मनुष्य आहे व दवाखान्याची वाट त्यास ठाऊक आहे. हा पाठ त्याच मनुष्यासाठीं आहे. त्यानें वैद्य व्हावें अशी अपेक्षा नाहीं. परंतु दिवा जवळ धरून रोग्याचें अंग पाहिल्यावर, हें दुखणें घरीं धुऊन पुसून बरें होण्याजोगें आहे, उद्यां दवाखान्यांत नेण्याजोगें आहे, कीं आज रात्रींच वाहन पाहून न्यावयाचें आहे, इतका भेद त्यास करतां आला पाहिजे. हा भेद वेळेवर न कळल्यामुळें पाय गेले आहेत आणि जीवही गेले आहेत.

त्वचेचे व तिच्याखालील मांसाचे जे पिकणारे व सुजणारे रोग आहेत, त्यांपैकीं बहुतेकांचें मूळ दोन जातींच्या जंतूंत आहे. स्कॉटलंडांतील अॅबर्डीन शहरीं अलेक्झांडर ऑगस्टन नांवाचे शस्त्रवैद्य होते. त्यांनीं गळवांतील पू सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिला, तों त्यांस वाटोळ्या जंतूंचे पुंजके दिसले. १८८० सालीं त्यांनीं हा शोध प्रसिद्ध केला, व पुढें १८८२ सालीं त्या जंतूंस स्टॅफिलोकॉकस हें नांव दिलें. ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ द्राक्षांचा घोस असा आहे. दुसरी जात स्ट्रेप्टोकॉकस ही होय. हिचे जंतु मण्यांच्या माळेप्रमाणें एकापुढें एक असे रांगेनें राहतात. सोयीकरितां आपण पहिल्यांस घोसजंतु व दुसऱ्यांस माळजंतु म्हणूं.

घोसजंतु कोठून बाहेरून येतात असें नव्हे. दर तीन माणसांत सुमारें एकाच्या नाकपुडींत ते नित्य वास करून असतात आणि त्याला कांहीं एक त्रास देत नाहींत. धड कातडीच्या भिंतींतून त्यांस आंत जातां येत नाहीं. कांटा मोडला, नख लागलें, खरूज खाजविली, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, म्हणजे त्यांस दार मिळतें. आंत गेल्यावर दोघांचें वागणें मात्र निराळें असतें. घोसजंतु बहुधा एका जागीं ठाण मांडतात, शरीर त्यांच्याभोंवतीं कुंपण घालतें, आणि कुंपणाच्या आंत पू सांचतो. माळजंतु कुंपण जुमानीत नाहींत. ते कातडीच्या खालून पसरत जातात, आणि पू न होतां सर्व जागा लाल, ऊन व दुखरी होते. ह्या नियमास अपवाद आहेत. परंतु रोग ओळखण्याचें पहिलें सूत्र ह्यांतच आहे: आंत पू सांचला आहे कीं नाहीं?

हा प्रश्न आपल्या देशांत नवा नाहीं. सुश्रुतसंहितेंत सुजेच्या कच्ची, पिकत असलेली व पिकलेली अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत. आणि जो कच्च्या सुजेवर शस्त्र चालवितो व जो पिकलेलीची उपेक्षा करतो, त्या दोघांसही ग्रंथकार सारखाच दोष देतो. आजच्या शस्त्रवैद्याचें मत ह्याहून फारसें वेगळें नाहीं.

पू आहे किंवा नाहीं हें पाहण्यास प्रथम साबणानें हात धुवावे. मग सुजेच्या दोन बाजूंस दोन बोटें ठेवावीं, व एकानें हलकेंच दाबावें. आंत पातळ पदार्थ असेल तर दुसरें बोट किंचित् वर उचललें जातें, जसें पाण्यानें भरलेल्या पखालीवर होतें. सूज सर्वत्र घट्ट असेल तर ती अजून पिकली नाहीं, अथवा पू फार खोल आहे. पू खोल असल्यास बोटांस समजत नाहीं, डॉक्टरासही पुष्कळदां समजत नाहीं. तेथें सोनोग्राफीचें यंत्र लावून पाहतात. रात्रभर झोंप न येऊं देणारा ठणका हें पिकण्याचें एक चांगलें चिन्ह आहे. काखेंत किंवा जांघेंत अवधाण आलें असेल तर त्याच्या खालच्या अंगास हात, पाय व बोटें नीट तपासावीं. बहुधा कोठें तरी विसरलेली जखम सांपडते.

आतां एकेक रोग घेऊं.

पावसाळ्यांत लहान मुलांच्या नाकाखालीं, ओठांच्या कडेला, हातापायांवर बारीक फोड येतात, ते फुटतात, आणि त्यांवर मधाच्या रंगाची पिवळट खपली धरते. हा रोग वरवरचा आहे. पण एका मुलापासून साऱ्या शाळेस होतो, कारण खाजविलेल्या बोटांनीं व एकाच पंचानें तो पसरतो. फोड थोडे असतील तर कोमट पाण्यानें व साबणानें खपली भिजवून काढावी, आणि डॉक्टरानें सांगितलेलें म्युपिरोसिनसारखें मलम दिवसांतून दोनदां, पांच दिवस लावावें. फोड पुष्कळ असतील तर पोटांत औषध द्यावें लागतें. मूल रात्रीं अंग खाजवीत असेल व घरांतील इतरांसही खाज असेल तर मुळांत खरूज आहे. ती बरी केल्यावांचून हे फोड जावयाचे नाहींत, आणि तें औषध घरांतील सर्वांनीं एकाच वेळीं लावलें पाहिजे. आयांस सांगण्याची एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. माळजंतूंचे फोड बरे झाल्यावर सुमारें तीन आठवड्यांनीं कांहीं मुलांच्या मूत्रपिंडांस सूज येते. सकाळीं उठल्यावर मुलाचें तोंड सुजलेलें दिसतें, लघवी कमी व गडद, चहाच्या काढ्यासारखी होते. त्या वेळीं फोडांची आठवण कोणासही राहिलेली नसते, आणि दृष्ट लागली, वारें लागलें, असें म्हणत दिवस घालविले जातात. अशा मुलास त्याच दिवशीं दवाखान्यांत न्यावें, आणि फोड झाले होते हें तेथें न चुकतां सांगावें.

केंसाच्या मुळाशीं लहानसा फोड येतो त्यास केस्तूड म्हणतात. तोच मोठा व खोल झाला म्हणजे गळूं. केस्तूड ऊन पाण्यांत पिळलेल्या स्वच्छ फडक्यानें दिवसांतून तीन चार वेळां शेकलें तर बहुधा आपोआप फुटून बरें होतें. तें पिळूं नये. विशेषतः नाकावरचें व वरच्या ओठावरचें केस्तूड कधींही पिळूं नये, कारण त्या भागांतील शिरा डोळ्याच्या वाटेनें मेंदूजवळच्या रक्तवाहिन्यांस मिळालेल्या आहेत आणि विष त्या मार्गानें आंत गेल्याचीं उदाहरणें आहेत. फुटलेल्या फोडावर स्वच्छ कापड बांधावें, तें कापड उकळून घ्यावें, आणि रोग्याचा पंचा, वस्तरा व अंथरूण दुसऱ्यानें वापरूं नये. एकाच घरांत एकामागून एक सर्वांस गळवें होत असलीं तर करणी शोधण्यापेक्षां तो वस्तरा शोधावा.

पिकलेल्या गळवास मात्र एकच खरें औषध आहे, तें म्हणजे नस्तर. डॉक्टर जागा बधिर करून कातडी चिरतो व सर्व पू बाहेर जाऊं देतो. लोक ह्या गोष्टीस भितात आणि गोळ्या मागतात. आणि खेदानें म्हणावें लागतें कीं कांहीं वैद्यही नस्तराचा त्रास चुकविण्याकरितां सुया टोंचीत राहतात. पुवाच्या पिशवींत रक्त फिरत नाहीं. मग रक्तांतून जाणारें औषध तेथें पुरेसें पोंचणार कसें? गळूं कापल्यावर गोळ्यांचा उपयोग किती होतो ह्याची अमेरिकेंत मोठी परीक्षा करण्यांत आली व ती २०१६ सालीं प्रसिद्ध झाली. सर्व रोग्यांचीं गळवें कापलीं. मग अर्ध्यांस खरें औषध दिलें व अर्ध्यांस औषध नसलेल्या, केवळ तशाच दिसणाऱ्या गोळ्या दिल्या. ज्यांनीं सांगितल्याप्रमाणें उपचार पुरा केला त्यांत औषध घेणारे शेंकडा ९३ बरे झाले, आणि खोट्या गोळ्या घेणारेही शेंकडा ८६ बरे झाले. तेव्हां औषधाचा लाभ आहे, तो नाकारूं नये. पण मुख्य काम शस्त्रानें केलें हें उघड आहे. ताप असेल, गळूं मोठें असेल, भोंवतीं लाली पसरली असेल, रोगी मधुमेही, फार म्हातारा किंवा अगदीं तान्हा असेल, तर दोन्ही उपाय लागतात. न्हाव्याचा वस्तरा, बाभळीचा कांटा किंवा दिव्यावर तापविलेली सुई हीं नस्तरें नव्हेत, हें सांगणें नको.

मानेवर किंवा पाठीवर एकाच जागीं अनेक तोंडांचें, चाळणीसारखें दिसणारें, अतिशय दुखणारें मोठें गळूं होतें, त्यास आपले लोक काळपुळी म्हणतात. अशा रोग्याच्या रक्तांतील साखर तपासलीच पाहिजे. पुष्कळांस आपणांस मधुमेह आहे हें प्रथम ह्या गळवामुळेंच कळतें. साखर ताब्यांत आल्यावांचून ही जखम भरत नाहीं, आणि शस्त्रक्रियाही बहुधा करावीच लागते.

पण काळपुळी हेंच नांव आपल्या भाषेंत दुसऱ्या एका अगदीं वेगळ्या रोगासही आहे, आणि येथें सावध राहिलें पाहिजे. गुरांस फाशी नांवाचा रोग होतो. जनावर एकाएकीं मरतें, नाकांतून व गुदद्वारांतून काळपट रक्त येतें. अशा जनावराचें कातडें सोलणाऱ्याच्या, मांस कापणाऱ्याच्या अथवा तें ओढून नेणाऱ्याच्या हातावर, मानेवर किंवा तोंडावर चार सहा दिवसांनीं एक पुळी उठते. प्रथम ती खाजते, मग तीवर फोड येतात, मग मधोमध कोळशासारखी काळी खपली धरते व भोंवतीं पुष्कळ सूज येते. आश्चर्य हें कीं इतकी सूज असून ती फारशी दुखत नाहीं. हिचें कारण घोसजंतु नव्हेत, तर जर्मन वैद्य रॉबर्ट कॉख ह्यांनीं १८७६ सालीं ज्याचा जीवनक्रम दाखविला तो फाशीचा जंतु आहे. पहिल्या काळपुळीस शस्त्र लागतें; ह्या दुसरीस शस्त्र लावणें वर्ज्य आहे. ती चिरूं नये, पिळूं नये, खपली ओढूं नये. पोटांत किंवा सुईनें योग्य औषध सुरू केलें तर शंभरांत एखादाच दगावतो; औषध न केल्यास पांचांत एकापर्यंत मरतात. म्हणून काळ्या खपलीचा व न दुखणारा फोड दिसला कीं पहिला प्रश्न विचारावा, गेल्या पंधरवड्यांत मेलेल्या जनावरास हात लावला होता काय? आणि तो लावला असेल तर ती गोष्ट डॉक्टरास व गुरांच्या दवाखान्यास, दोघांसही कळवावी. असें जनावर फाडूं नये, खाऊं नये, ओढ्यांत टाकूं नये. ज्यांच्या वांट्यास पिढ्यानपिढ्या मेलेलीं गुरें ओढण्याचें काम आलें, त्यांस हा रोग अधिक झाला ह्यांत त्यांचा दोष तो काय?

आतां ज्यांत पू नसतो तो रोग. पाय एकाएकीं लाल होतो, हात लावला तर तापलेला लागतो, दाबल्यास दुखतो, आणि लाली तासातासानें वर सरकते. थंडी वाजून ताप येतो, आणि तो कित्येकदां लालीच्याही अगोदर येतो. लालीची कड उंच व स्पष्ट असली तर त्यास धांवरें म्हणतात. हें नांव किती योग्य आहे हें पाहणारासच कळतें. खोल व अस्पष्ट कडेचें असलें तर डॉक्टर त्यास सेल्युलायटिस म्हणतात. जर्मनींतील फेलायझेन ह्यांनीं १८८३ सालीं धांवऱ्यांत माळजंतु असतात हें दाखविलें. येथें नस्तराचें काम नाहीं, औषधाचें आहे; आणि तें जितकें लवकर सुरू होईल तितकें बरें.

घरीं करावयाची एक गोष्ट फार उपयोगी आहे. लालीच्या कडेभोंवतीं बॉलपेनानें रेघ ओढावी आणि रेघेजवळ तारीख व वेळ लिहावी. मग वाढलें कीं कमी झालें ह्याविषयीं घरांत वाद राहत नाहीं. औषध सुरू झाल्यावर पहिल्या दिवशीं लाली रेघेच्या थोडी पुढें गेली तरी घाबरूं नये. पण दोन दिवसांनींही ती पुढेंच जात असेल, ताप उतरत नसेल, तर डॉक्टरास पुन्हां दाखवावें. पाय उशांवर उंच ठेवून निजावें. ही साधी गोष्ट अर्ध्या औषधाइतकी आहे, परंतु शेतकऱ्यास ती गोळीपेक्षां कडू लागते. औषध सुरू झाल्यावर सुधारणा होत असेल तर साध्या धांवऱ्यास बहुधा पांच दिवसांचें औषध पुरतें.

प्रत्येक लाल पाय धांवरेंच असतो असें मात्र समजूं नये. अमेरिकेंतील एका मोठ्या इस्पितळांत ह्या रोगाच्या नांवानें उपचार झालेल्या २५९ रोग्यांचीं टिपणें पुन्हां तपासलीं, तेव्हां ७९ जणांस हा रोग नव्हताच असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. जेथें यंत्रें व तज्ज्ञ दोन्ही हाताशीं आहेत तेथें ही स्थिति! दोन्ही पाय सारखेच लाल व सुजलेले असतील आणि ताप नसेल तर बहुधा शिरांतील रक्त तुंबलेलें असतें. पोटरी एकाएकीं सुजून दुखूं लागली व कातडी फारशी लाल नाहीं, तर खोल शिरेंत रक्त गोठलें असण्याचा संभव आहे. तेंही तातडीचेंच दुखणें आहे, मात्र त्याचा उपचार वेगळा. अंगाच्या एकाच बाजूस पट्ट्यासारखे दुखरे फोड आले असतील तर ती नागीण होय.

धांवरें एकदां झालें कीं पुन्हां पुन्हां होण्याची खोड त्यास आहे, आणि प्रत्येक खेपेस पायांतील लस वाहून नेणाऱ्या नळ्या थोड्या अधिक बिघडतात. चंद्रपूर, गडचिरोली व नागपूर ह्या बाजूस हत्तीरोग आहे. तेथील पाय सुजलेल्या लोकांस हे हल्ले वरचेवर होतात व पाय उत्तरोत्तर जाड होत जातो. अशांनीं रोज साबणपाण्यानें पाय धुवावा, बोटांच्या बेचक्यांत फडकें घालून अगदीं कोरडा करावा, चिखल्यांवर नायट्याचें मलम लावावें, आणि अनवाणी फिरूं नये. एवढ्या धुण्यानें हल्ले कमी होतात हें अनेक ठिकाणीं अनुभवास आलें आहे. इंग्लंड व आयर्लंड येथें वारंवार धांवरें होणाऱ्या लोकांस वर्षभर पेनिसिलिनच्या लहान गोळ्या रोज दोनदां दिल्या, तेव्हां त्या वर्षांत शंभरांत २२ जणांस रोग उलटला. ज्यांस खरी गोळी दिली नाहीं त्यांत ३७ जणांस उलटला. हा निष्कर्ष २०१३ सालचा आहे. पुढें २०२० सालीं ऑस्ट्रेलियांतून असें प्रसिद्ध झालें कीं, सूज राहिलेल्या पायावर घट्ट पट्टे किंवा मोजे नियमित वापरणाऱ्यांत शंभरांत १५ जणांस व न वापरणाऱ्यांत ४० जणांस रोग पुन्हां झाला. पाण्याची बादली व पट्टा ह्यांस कोणी औषध म्हणत नाहीं, म्हणून त्यांची किंमत लोकांस वाटत नाहीं.

सर्वांत भयंकर रोग शेवटीं ठेविला आहे. ह्यांत जंतु कातडी व स्नायु ह्यांमधील पापुद्र्यांतून धांवतात आणि मांस कुजवीत जातात. वरील कातडी मात्र आरंभीं जवळजवळ धडधाकट दिसते. म्हणूनच तो फसवितो. ह्याचें पहिलें व मुख्य लक्षण असें कीं, दुखणें दिसतें त्या मानानें वेदना फारच अधिक असतात. पायावर हातभर लाली, पण रोगी ओरडत आहे. लालीच्या पलीकडे जेथें कातडी निरोगी दिसते तेथेंही हात लावूं देत नाहीं. असें असेल तर सकाळची वाट पाहूं नये. मागाहून कातडी लांकडासारखी कडक लागते, जांभळी पडते, तीवर काळपट पाण्याचे फोड येतात, दाबल्यास वाळलेल्या पानासारखा करकर आवाज येतो. मग वेदना एकदम कमी होते आणि जागा बधिर पडते. घरचीं माणसें म्हणतात, उतार पडला. उतार नव्हे, तेथील शिरा मेल्या. नाडी जलद, जीभ कोरडी, बोलणें असंबद्ध, हीं चिन्हें विष रक्तांत भिनल्याचीं आहेत. मधुमेह्यांस हा रोग अधिक होतो, आणि गुप्तांगाच्या भागींही होतो. तेथें लाजेनें दोन दिवस दडविलेलें दुखणें प्राणावर बेततें.

ह्यास उपाय एकच, तातडीची शस्त्रक्रिया. कुजलेलें सर्व मांस काढून टाकावें लागतें, आणि बहुधा दुसऱ्या दिवशीं पुन्हां पाहून पुन्हां काढावें लागतें. औषधें बरोबर हवींतच, पण एकटीं पुरत नाहींत. चीन देशांत पेकिंग येथें फ्रँक मेलेनी नांवाच्या अमेरिकन शस्त्रवैद्यानें ह्या रोगाच्या वीस रोग्यांचा वृत्तांत १९२४ सालीं लिहिला. तेव्हां पेनिसिलिनचा शोधही लागला नव्हता. केवळ लवकर व मोकळेपणीं चिरून त्यानें पांचांपैकीं चार वांचविले. आज चांगल्या इस्पितळांतूनही चार पांच रोग्यांत एक दगावतो. त्याचें एक मोठें कारण उशीर हें आहे. ज्या दवाखान्यांत शस्त्रक्रियेची सोय नाहीं तेथें अशा रोग्यास नेऊन सलाईन लावीत बसण्यांत वेळ जातो. म्हणून निघण्यापूर्वीं फोन करून शस्त्रवैद्य आहे काय हें विचारावें, आणि जेथें आहे तेथेंच सरळ जावें.

औषधांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण तीं आज किराणा मालाप्रमाणें विकत मिळतात. फेब्रुवारी १९४१ मध्यें ऑक्सफर्ड येथील इस्पितळांत अल्बर्ट अलेक्झांडर नांवाचा ४३ वर्षांचा पोलीस शिपाई मरणाच्या दारीं होता. तोंडावरील एका लहान जखमेपासून घोसजंतु व माळजंतु त्याच्या सर्व अंगांत पसरले होते. एक डोळा काढावा लागला होता. त्या महिन्याच्या १२ तारखेस त्याला पेनिसिलिन टोंचण्यांत आलें. एका दिवसांत ताप उतरूं लागला, चार पांच दिवसांत तो जेवूं लागला. पण साऱ्या जगांत तें औषध इतकें थोडें होतें कीं, त्याच्या लघवींतून तें पुन्हां काढून त्यालाच देत असत. औषध संपलें, जंतु पुन्हां उसळले, आणि १५ मार्च रोजीं तो मरण पावला. चौदाच वर्षांनीं, १९५५ सालीं, आपल्या पुण्याजवळ पिंपरीच्या सरकारी कारखान्यांत पेनिसिलिन तयार होऊं लागलें.

जें औषध एका माणसापुरतेंही नव्हतें तें असें सर्वांस मिळालें, आणि सर्वांनीं तें उधळलें. माळजंतु आजही पेनिसिलिनला दबून आहेत. ही कृपाच म्हणावयाची. पण घोसजंतूंनीं त्यास फोडून टाकणारा रस दहा वर्षांच्या आंत तयार केला. त्यांवर मेथिसिलिन काढलें. १९६१ सालीं त्यालाही न जुमानणारे जंतु इंग्लंडांत सांपडले, आणि आतां ते आपल्या देशांत इस्पितळांतच नव्हे तर गांवांतही आढळतात. म्हणून मोठ्या किंवा पुन्हां पुन्हां होणाऱ्या गळवांतील पू परीक्षेस पाठवावा लागतो. ताप उतरला म्हणून दोन गोळ्या घेऊन बाकीच्या पुढच्या वेळेस डब्यांत ठेवणें, शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून औषध आणणें, नायट्याचें, खाजेचें व पुवाचें अशीं तीन औषधें आणि स्टेरॉइड एकत्र घातलेलें मलम गालापासून पायापर्यंत लावणें, ह्या तिन्ही संवयी जंतूंच्या फायद्याच्या आहेत. डॉक्टरानें जितके दिवस सांगितले तितके दिवस औषध घ्यावें. कमी नाहीं व आपल्या मनानें अधिकही नाहीं. पूर्वीं पेनिसिलिननें अंगावर पित्त उठलें असेल किंवा दम लागला असेल तर तें प्रथमच सांगावें.

जखमेवर शेण, राख, चुना, तंबाखू घालूं नये. त्यांतून धनुर्वाताचे जंतु आंत जातात. बिब्ब्यानें कातडी भाजते आणि मग मूळ दुखणें कोणतें व भाजलेलें कोणतें हें डॉक्टरासही उमगत नाहीं. डाग देणें तर मुळींच नको. कुत्रें चावल्यास जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुवावी, घट्ट बांधूं नये, आणि पिसाळण्याच्या रोगावरील लस त्याच दिवशीं सुरू करावी. जखम लहान आहे म्हणून थांबूं नये.

रोग्यास पाठवितांना त्याच्याबरोबर एक चिठ्ठी द्यावी. घरचीं माणसें दवाखान्यांत गोंधळतात, आणि डॉक्टराच्या पहिल्याच प्रश्नास चौघे चार उत्तरें देतात. चिठ्ठींत वय लिहावें, दुखणें कोणत्या दिवशीं, किती वाजतां सुरू झालें, लालीची रेघ केव्हां ओढली व त्यानंतर ती किती बोटें पुढें गेली, ताप किती, मधुमेह आहे काय, व त्यावर कोणतें औषध चालू आहे, मेलेलें जनावर, कांटा, चावा किंवा जखम ह्यांपैकीं कांहीं घडलें काय, आतांपर्यंत कोणत्या गोळ्या दिल्या, त्यांचीं रिकामीं पाकिटें बरोबर बांधावीं, आणि रोग्यानें शेवटचें अन्न व पाणी केव्हां घेतलें, कारण शस्त्रक्रिया करावयाची ठरल्यास भूल देणारा डॉक्टर हाच प्रश्न आधीं विचारतो.